नवमीला मोटार हलत नाही

चंद्रमौळी मेस्त्री ही गोष्ट दिवेलागण झाल्यावरच सांगतो, आणि सांगताना हातातली बिडी विझवून ठेवतो. व्यंकटेश त्याच्याच शेडमध्ये मोटारींचं वायरिंग शिकला, तेव्हा ही तिसऱ्याकडून ऐकलेली नव्हे, त्यानेच एकदा सांगितलेली. खोटी वाटत असेल त्याने कुंभकोणमजवळ साक्कोट्टैला जावं आणि व्यंकटेशला विचारावं. तो आता काही बोलणार नाही. पण त्याचं तोंड बघावं.

तेरा ऑक्टोबर, एकोणीसशे छप्पन्न. शनिवार, महानवमी. त्या दिवशी सकाळी बापाने व्यंकटेशला सायकलवरून कुंभकोणमच्या बाजारात पिटाळलं होतं, कोहळा आणायला. संध्याकाळी मोटारीपुढे फोडायला.

त्या मुलखात नवमीला आयुधपूजा. विळी, कोयता, नांगर, शिवणाचं मशीन, पोरांच्या वह्या, घोड्याचा जटका, मोटार, जे जे कामाचं त्याला चंदनाचे टिळे लावायचे, देवीपुढे मांडायचं, आणि दशमीचा सूर्य उगवेपर्यंत हात लावायचा नाही. लोखंडाला एक दिवस विसावा. चांगली गोष्ट आहे. माणसाला तेवढा विसावा कुणी देत नाही.

व्यंकटेश कोहळा घेऊन परतला तर बाप, कृष्णराव, मोटारीत गुडघे टेकून बसलेला. मोटार जुनी. एक चहामळेवाला गोरा मायदेशी जाताना अडतीस साली विकून गेला होता. तिची बॅटरी पुढच्या सीटसमोर, पायाखालच्या फळीखाली. कृष्णरावांनी फळी उचलली होती आणि आत तांब्याने हळदीचं पाणी ओतत होते.

"अप्पा, बॅटरीवर पाणी नको."

"पाणी नव्हे, तीर्थ."

"तीर्थानेच तारा कुजल्या. दर वर्षी ओतता, दर वर्षी मी खरवडतो. अर्थिंगची तांब्याची पट्टी अर्धी उरली आहे."

"माझे पणजोबा तंजावरच्या दरबारात फडणीस होते," कृष्णराव म्हणाले. "इंटरला पाठ दाखवून पळालेल्याने मज तांबं शिकवू नये."

फडणीस पणजोबा त्या घरात भाजीत मीठ कमी पडलं तरी निघायचे.

आता सरोजाचं सांगायला हवं. सरोजा म्हणजे व्यंकटेशच्या थोरल्या भावाची, राधाकृष्णाची बायको. सात वर्षांपूर्वी ह्याच नवमीच्या रात्री ती अडली. मोटार पूजेत होती. कृष्णराव म्हणाले, पहाटेपर्यंत थांबा. ती पोट धरून स्वतः चालत घरच्या मोटारीच्या शेडपर्यंत गेली, मागच्या सीटवर जाऊन बसली आणि म्हणाली, मी बसले आहे, तुमचं ठरलं की निघा. बाहेर चार म्हातारे पंचांग उघडून उभे होते. दशमी तिथी लागली की चालेल, की सूर्योदयच हवा? राधाकृष्ण हात बांधून ऐकत होता. सोळा वर्षांचा व्यंकटेश कंदील धरून उभा होता. तीनच्या सुमाराला आतून हाक येईनाशी झाली, तेव्हा त्यांचं सूर्योदयावर एकमत झालं होतं.

राधाकृष्ण मद्रासला निघून गेला. घरात तिचं नाव कुणी काढलं नाही. ह्याला ते मर्यादा म्हणतात.

त्या शनिवारी रात्री आठ वाजून वीस मिनिटांनी व्यंकटेशच्या बायकोला, नागलक्ष्मीला, कळा सुरू झाल्या. तीन आठवडे आधी. नऊला सुईण खोलीतून बाहेर आली. हात पुसले नव्हते.

"पाय आधी येतोय," ती म्हणाली. "माझ्याच्याने होणार नाही. इस्पितळात न्या. आत्ता."

व्यंकटेश कोपऱ्यावरच्या जटकेवाल्याकडे धावला. जटका झेंडूच्या माळांत, घोडा मोकळा, चाबूक देवीपुढे. "उद्या, स्वामी," तो म्हणाला आणि हात जोडले. हात जोडायला नवमीला बंदी नसते.

परत येऊन तो मोटारीत शिरला. बटण दाबलं. टक्. पुन्हा दाबलं. टक्. दिव्याची तार बिडीच्या टोकाएवढी लाल झाली आणि गेली. हँडल मारूनही उपयोग नव्हता, ठिणगीलाच करंट पोचत नव्हता. फळीखालचं सगळं उतरवून, घासून पुन्हा बसवावं लागणार. आणि पाना, कानस, पक्कड देवघरात, फुलांखाली.

तो देवघरात गेला. आई, गंगाबाई, अखंड दिव्यापाशी बसली होती.

"व्यंकू, नको रे. हात लावू नको."

"आई, पाय आधी येतोय."

"मी जप करते आहे ना?"

"सरोजावैनीच्या वेळी कुठला करत होतीस?"

गंगाबाईंनी तोंड फिरवलं. त्याने फुलं बाजूला सारली आणि पाना उचलला. दारात कृष्णराव.

"सूर्योदयाला मी स्वतः काढीन मोटार. नऊ तासांचा प्रश्न."

"नऊ तास तिच्याकडे नाहीत."

"नवमीला मोटार हलत नाही, व्यंकटेशा. ह्या घरात कधी हलली नाही."

"ठाऊक आहे," व्यंकटेश म्हणाला आणि त्यांना खांद्याने बाजूला करून गेला.

शेड घरापासून तीसेक पावलांवर. तो पुढचं दार उघडून आत ओणवा झाला, डोकं खाली फळीपाशी, पाठ मागच्या सीटकडे. कंदील खाली ठेवला. बॅटरीच्या दोन्ही टोकांवर हिरवा-पांढरा फुलोरा, ओल्या मिठासारखा, त्यात चंदन आणि कुंकू. त्याने वर सुईणीसाठी तापवलेलं कढत पाणी सोडलं. फसफसलं. नट सैल केला, तारेची पकड ओढून काढली, कानस चालवली. शिसं चमकेपर्यंत. मग दुसरं टोक. मग अर्थिंगची पट्टी, जिथे ती सांगाड्याला आवळलेली असते तिथे. गंज सुटेना.

मागची सीट करकरली.

कुणीतरी बसलं, जड अंगाने बसावं तसं. मागोमाग श्वास ऐकू आला. आत ओढलेला. तोंडाने सोडलेला.

"आलीस?" तो मान न वळवता म्हणाला. सुईणीने आणून बसवलं असणार. "बरं केलंस. दोनच नट राहिलेत."

श्वास.

"घाबरू नकोस, नागू. पुलापलीकडे पोचलो की दहा मिनिटं."

श्वास. आता जलद.

"दम धर. हे बघ, सुटला."

पट्टी हातात आली. तो घासू लागला. तांबं लाल दिसू लागलं. मागून कण्हणं आलं, दातांत दाबलेलं, सासऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून दाबावं तसं.

आणि घरातून नागलक्ष्मी किंचाळली.

तीस पावलांवरून.

कानस थांबली.

मागे श्वास चालूच होता…

कंदील शांत जळत होता. वारा नव्हता. व्यंकटेशच्या मानेवरून घाम खाली गेला, पण मान वळेना. पळून जावं, असं पाय म्हणत होते. पण मोटार एकच होती.

"वैनी…"

श्वास थांबला.

"वैनी, मी त्या रात्री कंदील धरून उभा होतो. मीही काही बोललो नाही."

काही नाही.

"ती तिकडे मरते आहे. मोटार मला लागणार."

काही नाही…

"तुला उतर म्हणत नाही. फक्त… तिला जागा दे."

किती वेळ गेला, त्याला सांगता येत नाही. मग स्प्रिंग वाजल्या. सावकाश. डावीकडून उजवीकडे.

त्याने पट्टी बसवली. नट आवळला. दुसरा आवळला. पाना दोनदा निसटला. वर एरंडेल चोळलं. बटण दाबलं.

इंजिन लागलं.

नागलक्ष्मीला त्याने उचलून आणलं आणि डाव्या दाराने आत ठेवलं. आत बघितलं नाही. गंगाबाई उंबऱ्यावरच थांबल्या, दिवा सोडून कसं यायचं म्हणून. सुईणीने मोटारीत पाय टाकला आणि काढून घेतला. मी मागून चालत येते, म्हणाली. का, ते तिने सांगितलं नाही.

कृष्णराव कंदील घेऊन आले. उजव्या बाजूने आले. "सुनबाई, खाली उतर," असं म्हणत त्यांनी कंदील काचेपर्यंत उचलला…



कंदील त्यांच्या हातातून खाली पडला. ते मागे सरले, भिंतीला टेकेपर्यंत सरले. पूजेला चाकांखाली ठेवलेली लिंबं फुटली आणि मोटार रस्त्यावर आली.

पूर्ण वाटेत व्यंकटेशने आरशात पाहिलं नाही. अरसलार नदीच्या पुलावर जोराचा खड्डा लागला. नागलक्ष्मी उजवीकडे कलंडली, एवढं त्याला कळलं. पडली नाही.

बारा वाजायला दहा मिनिटं असताना मुलगी झाली. पायाळू. दोघी जगल्या.

सकाळी सात वाजता व्यंकटेश एकटा मोटार घेऊन घरी आला. ओट्यावर चार म्हातारे जमले होते. तेच चार. कृष्णराव मध्ये बसून सांगत होते, "देवीची कृपा. आमच्या घराने पूजा कधी मोडली नाही, त्याचं फळ." सगळ्यांनी माना डोलावल्या. मोटार रात्री हलली, हे त्या चौघांपैकी कुणीच काढलं नाही.

व्यंकटेशने बापाचं मनगट धरलं आणि त्यांना उठवून मोटारीपर्यंत नेलं. मागचं दार उघडलं.

डावीकडे नागलक्ष्मी बसली होती तिथे ओल आली होती. पाणमोट रस्त्यातच फुटली होती. ती ओल आता वाळून कडक झाली होती, कडेला पांढरी रेघ. मध्ये वीतभर सीट कोरडी, स्वच्छ.

आणि उजवीकडे दुसरी ओल.

"पाणी सांडलं असेल," कृष्णराव म्हणाले.

व्यंकटेशने त्यांचा हात त्यावर ठेवला आणि दाबून धरला.

कोमट होती.