जाळीवर आधी येतं

आमच्या गावची नदी मी मेलेली पाहिली आणि परत जिवंत झालेलीही पाहिली. मैलापाण्याचा प्लँट सुरू झाला आणि वर्षभरात तिच्यात मासे आले. आता कुणाला त्याचं काही वाटत नाही. तेव्हा आम्ही कामावरून सुटलो की मुद्दाम काठावर बघायला जायचो.

प्लँटच्या प्रयोगशाळेत मी पाण्याचे नमुने तपासायचे. माझा धाकटा भाऊ जाळीवर होता. गावभरचं सांडपाणी आधी त्या लोखंडी जाळीतून यायचं आणि अडकलेला कचरा एक दातेरी पंजा खरवडून वर आणायचा. चिंध्या, केस, बाहुल्या, एकदा तर कुणाची कवळी.

"गावाचं पोट माझ्याकडे, ताई. तुझ्याकडे काय, नुसतं पाणी," तो चिडवायचा.

एकदा पंजाने माझा कंगवा वर आणला. कडेचे दात मोडलेला, माझाच. पण माझा कंगवा पर्समध्ये होता. मी दोन्ही शेजारी ठेवून पाहिले. पुढच्या आठवड्यात पर्समधला कंगवा हातातून निसटून संडासात पडला आणि वाहून गेला.

"कशाला हळहळतेस?" भाऊ हसला. "आलाय की आधीच."

मग एका दुपारी दाढ आली. चांदीचं टोपण बसवलेली, मुळाशी हिरडीचा तुकडा. एवढ्या काळ्या पाण्यातून येऊनही रक्त लालभडक होतं. टोपणाला बारीक पोचा होता, भावाच्या दाढेला होता तसाच. त्याने आ करून बोट आत घातलं.

"ही बघ. जागच्या जागी आहे."

पंजाच्या दातांत कातडं लोंबत होतं. त्याला मिशीचे केस होते.

"नोकरी सोड," मी म्हणाले.

"आणि जाळी तुंबली की? घाण सरळ नदीत जाईल. मासे मरतील, ताई."

तुंबलेली जाळी मोकळी करायला तो स्वतः खाली उतरायचा. पंजा बंदही करायचा नाही, कारण तेवढ्यात पाणी चढतं म्हणे.

मी भावजयेला सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी भाऊ जेवून आडवा झाला होता. तिने अंगणातली पहार आणली आणि त्याच्या पायावर घातली. पुन्हा घातली. नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं तेव्हा ती थांबली. मी पोचले तेव्हा भाऊ गुरासारखा ओरडत होता आणि ती भिंतीला टेकून बसली होती. गालावर, कपाळावर रक्ताचे शिंतोडे.

"वन्सं, आता जातात कसे ते बघते," ती म्हणाली.

पुढे गुडघ्यापर्यंत प्लॅस्टर चढलं. तो तिच्याशी बोलेना. पण घरात होता. मला झोप लागू लागली.

मग जाळी तुंबली. नवा माणूस बोंबलत आला म्हणून मी धावले. पंजा करकरत काहीतरी ओढत होता.

प्लॅस्टर होतं. वरच्या बाजूला पिळवटून तुटलेलं.

आत पाय होता.

प्लॅस्टरवर लाल रंगखडूने मासा काढलेला होता, लहान मुलं काढतात तसा. डोळा मात्र माशाच्या बाहेर, भलतीकडेच.

पंजा अडकून थांबला. ते परत बुडालं. साहेब आले तेव्हा नुसतं पाणी चढताना दिसत होतं.

"तुमच्या भावाला आणायला गाडी पाठवलीय," ते म्हणाले. "त्याच्याशिवाय हे निघायचं नाही."

मी पळत घरी गेले. गाडी दारात उभी होती. भावजय उंबऱ्यात आडवी उभी. भाऊ कॉटच्या कडेला बसून शर्टाची बटणं लावत होता, बगलेत कुबडी.

"काठावर बसून नुसतं सांगायचंय," तो तिला म्हणत होता. कितीतरी दिवसांनी तिच्याशी बोलत होता. "घाण नदीत चाललीय. सर बाजूला."

त्याची लेक खाली, त्याच्या पायाशी बसली होती. प्लॅस्टर पांढरंशुभ्र होतं. माझ्या जिवात जीव आला.

मग तिने हात बाजूला घेतला. हाताखाली एक लाल ठिपका होता.

"आत्या, डोळा आधी काढला," ती म्हणाली. "मासा आता काढते."