फाटकापलीकडची वाट

"ग्रंथालयात खायला मनाई आहे."

मी दबक्या आवाजात म्हटलं, तसं त्याने तोंडातलं सुकेळं, म्हणजे वाळवलेलं केळं, घाईघाईने गिळलं आणि उरलेलं माझ्यापुढे धरलं.

"आमच्या नंदाखाल गावच्या बागेतलं आहे, मॅडम. लाच समजू नका..."

"लाचच आहे ही."

"मग घेताय?"

मला हसू आवरेना. वसईच्या त्या कॉलेजात मी ग्रंथपाल म्हणून नुकतीच लागले होते; अजून कायम व्हायचं होतं. आणि हा केयूर, नवखा वकील, तिथलाच माजी विद्यार्थी. जमिनीच्या कायद्याची जाडजूड पुस्तकं चाळायला यायचा. पुढे पुढे पान एकच उघडं असायचं आणि नजर माझ्या टेबलाकडे...

एकदा तो जवळ येऊन म्हणाला, "चिंचोटी गावाच्या वर डोंगरात एका रिसॉर्टवाल्याने फाटक घातलंय. पाड्यावरच्या आदिवासींची पिढ्यान्‌पिढ्यांची वाट बंद झाली. रविवारी आम्ही फाटकासमोर बसणार आहोत. याल?"

"मी पुस्तकं सांभाळते. मोर्चे नाही."

"बरं," तो इतकंच म्हणाला. रागावला असता तर बरं वाटलं असतं.

त्याच आठवड्यात नर्मदा आली. त्याच पाड्यावरची, दुसऱ्या वर्षाला शिकणारी, रोज खिडकीजवळ बसणारी मुलगी. कितीतरी दिवसांनी दिसत होती. गुडघ्यापर्यंत चिखल.

"फाटक लावलंय ना, मॅडम. ओहोळातनं यायला लागतं. पानी कमरेला होतं." तिने पिशवीतून पुस्तक काढलं. कोरडं ठणठणीत. "हे डोक्यावर धरलं होतं. उशीर झाला... चालेल ना?"

मी दंड न लावता पुस्तक जमा करून घेतलं.

रविवारी मी निर्मळच्या घरून स्कूटर काढली आणि फाटक गाठलं. केयूरने मला पाहिलं. ताडपत्रीवर सरकून जागा केली. दुपारी पोलिसांनी सगळ्यांना गाडीत घातलं. खिडकीतून पावसाचे थेंब माझ्या खांद्यावर येत होते. त्याने रुमाल काढला, पुढे केला – आणि हात तसाच अवघडला.

"घाबरलात?"

"हो. तुम्ही?"

"मी वकील आहे. जास्तच घाबरलोय."

संध्याकाळी सोडलं. पण फाटकासमोर बसल्याचा माझा फोटो तोवर कॉलेजभर फिरला होता. प्राचार्यांनी बोलावलं. "ओवी, चूक झाली म्हणून लिहून दे. नाहीतर तुला कायम करणं माझ्या हातात नाही."

निर्मळच्या तळ्याकाठी केयूर वाट पाहत होता.

"देऊन टाका लिहून," तो म्हणाला. "माझ्यामुळे तुमची नोकरी जायला नको."

ते मात्र मला लागलं. "तुमच्यामुळे? तुम्ही बोलावलंत तेव्हा मी नाहीच म्हटलं होतं. मी नर्मदासाठी आले. आणि स्वतःसाठी. तेवढं तरी माझं राहू द्या!"

तो उठून माझ्यासमोर आला.

"चुकलो. भीतीने बोलून गेलो... तुमचं काही वाईट झालं तर मला—"

"तर काय?"

"सहन नाही होणार, ओवी."

मॅडम नव्हे. ओवी.

मी लिहून दिलं नाही. नोकरी गेली. घरी आई रडली, बाबा केळीच्या बागेत निघून गेले. पावसाळा सरला, मी अर्ज करत राहिले. अखेर विरारच्या एका कॉलेजात मुलाखतीत तोच फोटो पुढे आला. "बसले होते," मी म्हणाले. "पुन्हा वेळ आली तर बसेन." तिथल्या प्राचार्य बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "सोमवारपासून याल?"

केयूरने चालवलेल्या केसमध्ये तहसीलदारांनी पाड्याचा वहिवाटीचा हक्क मान्य केला. फाटक निघालं त्या दिवशी सगळा पाडा त्या वाटेने वर निघाला. नर्मदा पुढे, आम्ही दोघं मागे.

"केस संपली," केयूर म्हणाला. "आता ग्रंथालयात यायला निमित्त उरलं नाही."

"विरार लांबही पडेल तुला."

तो थबकला. "'तुला' म्हणालात?"

"म्हणाले."

"पुन्हा म्हण ना..."

"लग्न करशील माझ्याशी? तुला विचारतेय, केयूर."

कोर्टात बोलणारा माणूस नुसतीच मान हलवत राहिला, लहान मुलासारखी – हो, हो, हो. मी त्याचा हात धरला. वरून बायका वळून बघू लागल्या, कुणीतरी हसलंही... पण मी हात सोडला नाही.