दुसऱ्या साच्यावरची पट्टी

जबड्याच्या डॉक्टरकडे येणारी माणसं मुख्यतः दोन प्रकारची. पडलेली, आणि मार खाऊन ‘पडलो’ म्हणणारी. ही बाई खरंच पडली होती. जिन्याच्या कडेवर हनुवटी आपटून खालच्या जबड्याचे तुकडे झाले होते. चेहरा इतका सुजलेला की डोळे कुठे संपतात आणि गाल कुठे सुरू होतात तेही कळेना. शेजारी नवरा तिची चप्पल हातात धरून उभा होता. ती कुठे ठेवायची हे त्याला सुचत नव्हतं.

डॉक्टर बाळंतपणाच्या रजेवरून नुकतीच परतली होती. हात कामावर, जीव घरी. बाळाला अलीकडे माणसं कळायला लागली होती. अनोळखी चेहरा दिसला की आधी त्याचा खालचा ओठ पुढे यायचा आणि मग भोकाड. एका संध्याकाळी तिला बघूनही तो ओठ क्षणभर पुढे आला. “दिवसभर नसतेस ना, ओळख विचारतोय,” सासूबाई हसून म्हणाल्या. तीही हसली. पण ते आत कुठेतरी रुतून बसलं. तेव्हापासून दोन पेशंटच्या मधे ती घरी फोन करायची, काही काम नसताना.

जबडा जोडताना हाडापेक्षा दात बघायचे असतात. वरचे-खालचे दात वर्षानुवर्षं घासून एकमेकांचे झालेले असतात. ते जिथे नेमके बसतात, तिथेच हाडाची जागा. म्हणून आधी दातांचं माप घेऊन प्लास्टरचे साचे करायचे, तुटलेल्या रेषेवर कापून जुळवायचे आणि त्यावर प्लास्टिकची पातळ पट्टी बनवायची. ऑपरेशनमध्ये पट्टी दातांवर बसली की तुकडे जागेवर येतात. मग दोन्ही जबडे तारांनी बांधून टाकायचे.

साचे तिने स्वतः जुळवले आणि वाळायला फळीवर ठेवले.

“मॅडम, झोप आली तर खुर्चीत झोपा,” साचेवाले काका म्हणाले. “साच्यांवर डोकं टेकू नका. ओले आहेत.”

दुसऱ्या दिवशी तिने फळीवरून जोडी उचलून काकांच्या हातात दिली तेव्हा फोन कानाला होता आणि फोनमध्ये बाळ रडत होतं.

ऑपरेशन सुरेख झालं. पट्टी दातांवर ठेवताच बारीकसा ‘टक्’ आवाज आला आणि ती बसली. घासावी लागली नाही, दाबावी लागली नाही. डॉक्टरने समाधानाने तारा आवळल्या. दुपारी डबा खाताना मात्र तिला जाणवलं, आपले स्वतःचे दात नीट टेकत नाहीयेत. उजवीकडच्या दाढा आधी लागतात. झोप नाही, दात आवळत असू, तिने मनाशी म्हटलं. पण जीभ सारखी तिथेच जात राहिली.

आठवड्याने काकांनी फळी आवरायला काढली.

“मॅडम, त्या बाईंचे साचे इथेच आहेत. जुळवलेले, तसेच.”

“मग पट्टी कशावर केलीत?”

“तुम्ही दिलेल्या जोडीवर.” त्यांनी ती पुढे केली. खालचा एक दात वळलेला. शिकत असताना वर्गात सगळ्यांनी आपापल्या दातांची मापं घेतली होती, त्यातली तिची स्वतःची जोडी. आठवण म्हणून फळीवर ठेवलेली.

एकाच्या दातांची पट्टी दुसऱ्याच्या दातांवर बसत नाही. हे तिला पहिल्या वर्षापासून माहीत होतं. ती तडक वॉर्डमध्ये गेली. बाईचे ओठ बाजूला करून टॉर्च धरला. पारदर्शक पट्टीआड खालचा एक दात वळलेला होता. बाईच्या साच्यात तो सरळ होता.

एक्स-रे काढला. हाडं केसभरही हललेली नव्हती. तक्रार करायची तर कशाची? बाईला घरी सोडलं.

दर तपासणीला सूज उतरत गेली आणि खालून चेहरा वर येत गेला. नवरा अस्वस्थ.

“मॅडम, हनुवटी अशी नव्हती हो तिची.”

“सूज आहे अजून.”

“माझ्याकडे परक्यासारखी बघते. दिवसभर खिडकीत. कुणाची वाट बघते विचारलं तर मान फिरवते.”

डॉक्टरने टॉर्च उचलला. बाई तिच्याकडेच बघत होती, शांतपणे, बांधलेल्या दातांआडून हसत. आरशात आपण आपल्याकडे बघतो तसं.

तारा काढायच्या दिवशी बाई आली नाही. डॉक्टरने दोनदा बाहेर डोकावून पाहिलं, खुर्ची रिकामी. शेवटी तिने नवऱ्याला फोन लावला.

“सकाळीच निघाली की,” तो म्हणाला. “तुमच्याकडेच आली असेल असं वाटलं. जाताना कागदावर लिहून दाखवलं, बाळाला भूक लागली असेल म्हणून. पण आम्हाला मूल नाहीये, मॅडम.”

डॉक्टरच्या अंगावरचं दूध ठरल्या वेळी दाटून यायचं. आज आलं नव्हतं.

रिक्षात तिने सासूबाईंना फोन केला. रिंग वाजत राहिली.

सासूबाई दारातच चादरी झटकत होत्या. “परत आलीस? काही विसरलीस का?”

“परत म्हणजे?”

“आत्ता तर गेलीस. किती रडत होता, तू घेतलंस आणि गप्प. पोटभर प्यायला. आज लवकर कशी, विचारलं तर बोलली नाहीस. नुसती हसलीस, दात मिटून. दाढ दुखतेय का गं?”

ती आत धावली. बाळ पाळण्यात जागं होतं, तृप्त, ओठांच्या कोपऱ्यात दूध.

तिने त्याला उचललं. त्याने तिच्या हनुवटीवर हात ठेवला. बराच वेळ बघितलं.

मग खालचा ओठ पुढे आला.

“अरे, आई आहे ती,” म्हणत सासूबाईंनी त्याला काढून घेतलं. दोन पावलं मागे सरकल्या, आणि त्याही तिच्याकडे नीट बघू लागल्या.