लॉन्ड्रीची गाठ

"शेवटचा दोर कोण धरणार?" शिट्टीवाल्या साहेबांनी विचारलं, आणि होडीत बसून वल्ही तपासणाऱ्या लेकीनं मान वर न करताच सांगून टाकलं, "मावशी धरेल."

मावशी चमकून इकडेतिकडे बघू लागली. बंदराचा एवढा मोठा धक्का, एवढी माणसं, शेजारी पोरीचा सख्खा बाप उभा... आणि नाव आपलं? तिनं नवऱ्याकडे बघितलं. उभा जन्म लांब पल्ल्याच्या बसगाड्या चालवलेला तो माणूस नुसता हसला. "जा की. मला बोलावलं असतं तर मी एव्हाना पोचलो असतो."

शर्यतीची रीतच तशी होती. एकेक होडी थोड्या थोड्या अंतरानं सुटायची. सुटताना धक्क्यावरच्या लोखंडी खुंटाला वेढा दिलेला दोर घरच्या माणसानं धरायचा आणि भोंगा झाला की सोडून द्यायचा. पुढे नजर पोचणार नाही एवढा महासागर, आणि त्यात या दोघी, एक आपली लेक आणि दुसरी तिची जोडीदारीण लंबू. आळीपाळीनं वल्हवत राहायचं, ते थेट पलीकडचा किनारा लागेपर्यंत. मावशीला त्यातलं फारसं कळत नव्हतं. पोर हट्टाला पेटली की कुणाचं ऐकत नाही, एवढं मात्र तिला चांगलंच ठाऊक होतं.

आता, मावशी म्हणजे काही खरी मावशी नव्हे. आई गेली तेव्हा पोर जेमतेम बोलू लागली होती, आणि वर्षाच्या आत घरात आलेल्या या बाईला आई म्हणायला ती काही केल्या तयार होईना. "बरं, मावशी म्हण," बाईनंच तोड काढली. हाक मारते हेच पुष्कळ, असं तिनं तेव्हा मानलं आणि पुढेही तेच मानत आली.

ती लॉन्ड्रीत कामाला होती. इस्पितळांच्या चादरी यायच्या, त्या मोठ्या हौदात उकळायच्या, वाळवायच्या, इस्त्री करून गाठोडी बांधायची. नवरा दिवसेंदिवस गाडीवर. पोरीला ठेवणार कुणाकडे? मग ती तिला कामावर न्यायची, आणि जुन्या चादरीची पट्टी फाडून तिचं एक टोक पोरीच्या कमरेला बांधायची, दुसरं आपल्या. लोकांच्या जिभेला काय हाड असतं? "सावत्र ती सावत्रच, लेकरू गुरासारखं बांधून ठेवते," असं गल्लीभर झालं. शाळेतही पोरीला त्यावरून चिडवलं जाई. एकदा ती जेवता जेवता ताटावरून उठली आणि म्हणाली, "तू मला बांधून ठेवलंस. आता अशी जाईन, की तुझा दोर पुरणार नाही."

मावशीनं उरलेलं ताट झाकून ठेवलं. पुढे पोर शिकायला बाहेर पडली, ती घरी पाहुणीसारखीच येत राहिली... आणि आज निघताना तिनं आपलं नाव घेतलं होतं! मावशीचं अंतःकरण कृतज्ञतेनं इतकं भरून आलं होतं, की तिनं साहेबांचे आभार मानले, लंबूचे मानले, दोर आणून देणाऱ्या माणसाचेही दोनदा मानले.

आणि तिथेच घोटाळा झाला.

ती बघत होती पोरीकडे. उन्हानं रापलेली मान, तळहातांवरचे घट्टे, कपाळावर आलेली ती लहानपणापासूनची हट्टी बट... डोळे तिथे गुंतले आणि बोटं आपल्या कामाला लागली. गाठोडी बांधण्यात आयुष्य गेलेल्या बोटांना वेगळं सांगावं लागत नाही. दोन वेढे, अंगठ्यानं खाली दाब, टोक आतून घेऊन करकचून ओढ. गाडीतून फेकलं तरी गाठोडं सुटू नये, अशी ती लॉन्ड्रीची गाठ.

भोंगा वाजला. वल्ही पाण्यात गेली, होडी हातभर पुढे सरकली आणि हिसका खाऊन जागच्या जागी थांबली.

"काकू," लंबू म्हणाली, "आम्हाला जायचं होतं जरा."

धक्का हसला. मावशीला मात्र धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. सगळ्या जगादेखत तिनं पोरीला पुन्हा बांधून ठेवलं होतं! ती गुडघ्यांवर बसली, नखांनी गाठ ओढू लागली. हिसक्यानं आवळलेला ओला दोर तसूभर हलेना. डोळ्यांतल्या पाण्यानं गाठ दिसेनाशी झाली. "मुद्दाम नाही केलं गं... शप्पथ, मुद्दाम नाही..."

लेकीनं वल्ही आत घेतली आणि दोर ओढत ओढत होडी धक्क्याला आणली. साहेब घड्याळ दाखवू लागले, तिकडे तिनं लक्षच दिलं नाही.

"मावशी, सरावाच्या वेळी मी पाण्यात पडले होते. लाटेनं उचलून बाहेर फेकलं."

मावशीचे हात थांबले. "बोलली नाहीस ती..."

"तू शर्यतीला येऊ दिलं असतंस? कमरेला हा पट्टा होता म्हणून वाचले." तिनं होडीला अडकवलेला जाड पट्टा दाखवला. "त्याला लोंबकळत होते ना, तेव्हा अचानक हौद आठवला. वाफ तोंडावर येत होती, मी काठावरून वाकले होते, आणि कमरेला काहीतरी गच्चकन ओढलं गेलं. मागे तू होतीस." तिनं पट्टा मुठीत धरला. "इतकी वर्षं मला फक्त ती पट्टी आठवायची गं. हौद आठवायचाच नाही. मी एवढं बोलले, गल्ली बोलत होती... तू एकदा तरी सांगायचंस."

"काय सांगायचं?" मावशी पदराला नाक पुसत म्हणाली. "सांगितलं असतं तर तू उपकार मानले असतेस. पोटच्या पोरीनं कुठं उपकार मानायचे असतात?"

लेकीनं तिचे दोन्ही हात धरले आणि त्या सुरकुतल्या बोटांवर कपाळ टेकवलं. पाठीमागे बसचा ड्रायव्हर लहान मुलासारखा रडत होता, आणि डोळ्यांत वारा गेला म्हणून शेजारच्यांना सांगत होता.

"आता हा पट्टा बघ," लेक म्हणाली. "तुझ्या पद्धतीनं."

मावशीनं पट्टा हातात घेतला आणि दोन झटके देऊन पाहिला, लॉन्ड्रीत रोज सकाळी पोरीच्या कमरेची पट्टी पाहायची तसा. मग खुंटाकडे वळली. दोर आता सैल पडला होता. तिनं गाठीत अंगठा घातला, आणि दोन्ही वेढे सुटून आले.

"जा," ती म्हणाली. "सावकाश जा."

पोर आता पाठमोरी होणार, म्हणून तिनं मन घट्ट केलं होतं. पण वल्हवणाऱ्याचं तोंड मागे असतं, हे तिला कुठे माहीत! होडी समुद्राकडे निघाली आणि लेक तिच्याकडेच बघत वल्हवू लागली. प्रत्येक वल्ह्यासरशी लांब जात होती, तरी तोंड घराकडे होतं. अजून काय हवं, मावशीला वाटलं. तिनं मनोमन समुद्राचेही आभार मानून ठेवले, आधीच मानलेले बरे म्हणून.

चेहरा ओळखू येईनासा व्हायच्या आत लेकीनं क्षणभर एक वल्हं सोडलं, हात कमरेशी नेला आणि पट्ट्याला दोन झटके दिले. धक्क्यावर उभ्या आईनं आपल्या कमरेवर हात ठेवला.