समोरची वेताची खुर्ची

ही गोष्ट घडलेली आहे. पटणं न पटणं तुमच्यावर. माझ्या सख्ख्या मावशीच्या स्वयंपाकघरात, जेवणाच्या टेबलापाशी घडली. तीही रात्रीबेरात्री नाही. लख्ख दुपारी, चहाच्या वेळेला.

मावशी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. भुताखेतांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. आजही नाही, असं ती म्हणते.

काका जाऊन थोडेच महिने झाले होते. मागे त्यांचा जुना लॅपटॉप राहिला. त्यावर त्यांनी हौसेनं विंडोज काढून लिनक्स ही खुली सिस्टिम घातलेली. "मशीन आपलं, मग त्यात भाडेकरूसारखं कशाला राहायचं?" म्हणायचे.

त्याच लॅपटॉपवरून मावशी रोज दुपारी लेकीशी बोलायची. लेक दूरच्या शहरात. दिवस भरत आलेले. डॉक्टरांनी पलंगावरून हलू नकोस म्हणून बजावलेलं, नवरा दिवसभर कामावर. त्या एका कॉलची ती सकाळपासून वाट बघायची.

आणि नेमका तोच कॉल तुटायचा.

चेहरा गोठायचा... आवाज चिरकायचा... मग काहीच नाही.

मावशीनं काकांच्या दोस्ताला बोलावलं. त्याच्या खिशात कायम पेचकस, म्हणून सगळे त्याला पेचकसच म्हणतात.

"हे वायफायचं कार्ड भंगार आहे, मी शंभरदा सांगितलं होतं त्याला," लॅपटॉप उघडत तो म्हणाला. "ऐकेल तर शपथ."

"माझं तरी कुठे ऐकायचे?" मावशी म्हणाली.

दोघंही हसले. 

"ड्रायव्हर चुकीचा बसलाय, वहिनी. कार्ड आणि सिस्टिम यांच्यातला हा दुभाष्या. दुभाष्याच अडखळला तर पुढचं बोलणं काय होणार?"

त्यानं योग्य ड्रायव्हर घातला. वीज वाचवायला कार्ड मधूनमधून झोपायचं, ती सोय बंद केली. पडद्याच्या कोपऱ्यात सिग्नलचा आकडा दिसेल असं केलं. "उणे साठ म्हणजे ठीक. उणे ऐंशीकडे सरकला की बोलणं तुटलं समजा."

दुसऱ्या दिवशी सकाळभर आकडा साठावरून हलला नाही.

दुपारी मावशी चहा घेऊन बसली. समोर काकांची रिकामी वेताची खुर्ची. खुर्चीच्या मागे फळीवर वायफायचा राउटर.

कर्र...

वेत कुरकुरला. कुणी अंग टेकलं की कुरकुरायचा, तसा.

आकडा घसरला. उणे साठ... सत्तर... अठ्ठ्याहत्तर.

चहा संपेपर्यंत तिथेच राहिला. मग आपसूक वर आला.

रोज हेच. मावशीनं मायक्रोवेव्हचा प्लग काढला, राउटरचा चॅनल बदलला, सिस्टिमच्या नोंदी वाचल्या. ड्रायव्हरची एकही तक्रार नव्हती. लॅपटॉप खिडकीत नेला, तर आकडा ठीक. टेबलावर आणला, की अठ्ठ्याहत्तर.

खोट होती ती तेवढ्या एका सरळ रेषेत... लॅपटॉप आणि राउटर यांच्या मध्ये.

आणि मग तिला वर्गात शिकवलेलंच आठवलं. माणसाच्या शरीरात बरंचसं पाणी असतं. पाणी वायफायच्या लहरी शोषून घेतं. मध्ये माणूस बसला, की पलीकडचा सिग्नल पडतो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिनं पेचकसला बोलावून त्या खुर्चीत बसवलं.

उणे अठ्ठ्याहत्तर.

तो उठला. साठ.

"म्हणजे दोष माझ्या ढेरीचा?"

"दुपारपर्यंत थांबा," मावशी म्हणाली.

दुपारी दोघं ओट्यापाशी उभे राहिले. खुर्ची रिकामी. चहाला उकळी आली.

कर्र...

आकडा पडला.

पेचकस खुर्चीजवळ गेला. पाठीवर ठेवायला हात उचलला... आणि तसाच मागे घेतला. त्याचे डोळे भरून आले होते.

"वहिनी... हा चहाला येतो हो."

मावशीनं गॅस बंद केला. 

त्यानंतरही मावशी चहाला तिथेच बसायची. चारच दिवसांनी नेमकी त्याच वेळी लेकीला घेरी आली. तिनं कॉल लावला. मावशी क्षणभर दिसली आणि गोठली. पुन्हा लावला. पुन्हा तेच. शेवटी शेजारीण धावून आली म्हणून निभावलं.

"आई, तू समोर होतीस आणि तुला माझं काहीच ऐकू जात नव्हतं," लेक रडत म्हणाली.

मावशीनं पेचकसला सांगितलं, राउटर माझ्या बाजूच्या भिंतीवर घ्या.

"एकदा विचार करा, वहिनी."

"करूनच सांगतेय. तिला माझी गरज आहे."

"आणि याला?"

मावशीनं त्याच्यासमोर स्टूल ठेवलं. तो चढला.

त्या दिवसापासून कॉल एकदाही तुटला नाही. लेक सुखरूप सुटली. मुलगी झाली. मावशी महिनाभर तिकडे राहून आली.

परतल्या दिवशीच तिनं राउटर होता तिथे नेऊन ठेवला. खुर्चीच्या मागे, फळीवर. चहा केला. टेबलापाशी बसली.

उणे साठ.

चहा गार झाला. आकडा हलला नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही. वेत पुन्हा कधी कुरकुरला नाही.

मी मध्यंतरी तिच्याकडे गेले होते. नकळत त्या खुर्चीकडे वळले, तर तिनं माझा हात धरला. "तिथे नको. इकडे बस, माझ्याजवळ."

आम्ही चहा घेतला. तिची नजर पडद्याच्या कोपऱ्यावर होती.

"मी त्यांना काही न सांगताच राउटर हलवला गं," ती हळूच म्हणाली. "आपली अडचण होतेय, असं वाटलं असेल का त्यांना?"

मीही विज्ञानच शिकले आहे.  तरी अजूनही दुपारी चहा ओतताना तो प्रश्न आठवतो आणि हात थांबतो.

सिग्नल उत्तम होता. आम्ही दोघी आकड्याकडे बघत बसलो... तो पडावा म्हणून.