रागिणीच्या पुढची गाडी

सूर्यभान बर्फ आणायला गेला, तिथून हे सुरू झालं.

नत्थुजी शेंदूरजनाघाटात आपल्या ओट्यावर बसून सांगत होते. जेवणं आटोपली होती. समोर चार पोरं-पोरी बसली होती, पोलीस भरतीसाठी रोज पहाटे तीनला रस्त्यानं पळायला निघणारी.

"पळू नका असं मी म्हणत नाही," नत्थुजी म्हणाले. "पण हे ऐकून घ्या. सूर्यभान माह्या शेजारचा. खोटं बोलणारा माणूस नाही तो."

सूर्यभान भाजीवाला. वांगी-टमाटे टेम्पोत भरून वरूडच्या बाजारात न्यायचा. त्याची मुलगी रागिणी, चोवीस वर्षांची. तिच्या डोक्यात आलं की अकोल्याहून पळत निघायचं आणि सातपुड्याच्या कडेकडेनं, घाट चढत-उतरत, सेमाडोह, चिखलदरा करत आपल्या घरी पोचायचं. वीस दिवसांत. कशासाठी, ते सूर्यभानला शेवटपर्यंत कळलं नाही. पण पोरीला एकटी कशी सोडायची? धंदा बंद ठेवून तो टेम्पो घेऊन निघाला. मागे गादी, गॅस आणि पाण्याचे कॅन. ती पळायची, हा पाच-पाच किलोमीटर पुढे जाऊन तिची वाट पाहत थांबायचा. त्याची अट एकच होती. दिवस बुडाला की पळणं बंद.

एकोणीस दिवस तिनं ती पाळली.

विसावा दिवस म्हणजे २०२५च्या डिसेंबरची एकोणीस तारीख. शुक्रवार, मार्गशीर्षातली अमावस्या. मोर्शी मागे पडली होती. ट्रकांचा मोठा रस्ता टाळून तिनं संत्र्यांच्या बागांमधून जाणारा जुना रस्ता धरला होता. घर तीस किलोमीटरवर आलेलं, आणि तिचा डावा घोटा सुजून टम्म झालेला.

"झोप आता," सूर्यभान म्हणाला. "सकाळी पाहू."

"झोपली तर उद्या हा पाय उठत नाही, बाबा. मले मालूम आहे. आजच संपवते."

"मंग गाडीत बस. झालं तेवढं लय झालं."

तिनं बापाकडे नुसतं पाहिलं. डोळे भरले होते, पण रडली नाही. त्या पाहण्यापुढे सूर्यभानचं काही चाललं नाही.

"बर्फ तरी लावू दे," तो म्हणाला. "मोर्शीतून घेऊन येतो. तू हळूहळू चाल आन् नाल्याच्या पुलावर थांबजो."

"हाव."

तेव्हा सव्वानऊ झाले होते. बर्फाचं दुकान बंद. मग एका धाब्यावाल्याच्या हातापाया पडून त्यानं थोडा मिळवला. पुलावर परत आला तेव्हा साडेदहाला पाच कमी होते.

पुलावर कोणी नव्हतं.

वाटलं, पुढे गेली असेल. तो निघाला. दोन किलोमीटर, चार, सात. रस्ता एकच, फाटा कुठंच नाही, दोन्ही बाजूंना बागांची तारेची कुंपणं. सुजल्या पायाचं माणूस एवढं लांब जाईल कसं? त्यानं फोन लावला. तिनं उचलला. पलीकडून धाप ऐकू आली, आणि पावलं.

"कुठी आहेस?"

"मागंच तर आहे, बाबा."

"कोणाच्या मागं?"

"तुमच्या. तुमचा लाल दिवा दिसून राहिला ना मले. जरा हळू घ्या. दमली मी."

सूर्यभाननं ब्रेक दाबला. आरशात पाहिलं. मागच्या दिव्यांचा लाल उजेड रस्त्यावर पडला होता. त्या उजेडात कोणी नव्हतं.

"रागिणी, मी थांबलो. दिसतो का तुले?"

"नाही थांबले तुमी. चालूच आहा."

तो खाली उतरला. खिडकीतून हात घालून गाडी बंद केली. दिवे बंद केले.

"आता?"

"आताही."

"बेटा... जिथं आहेस तिथं खाली बस. तो दिवा पाहू नको."

बराच वेळ नुसती पावलं.

"तुमीच तर म्हणून राहिले, थांबू नको."

"मी?... माहा आवाज येऊन राहिला का तुले?"

"हाव. दोन्हीकून."

सूर्यभाननं फोन कानाशी गच्च दाबला. तिची धाप. तिची पावलं. आणि त्यांच्याही पलीकडे... टेम्पोचं इंजिन.

त्याचा स्वतःचा टेम्पो त्याच्या समोर उभा होता. बंद.

तो ओरडला. थांब म्हणाला, आईची शपथ घातली, मग नुसतं नाव घेत राहिला. ती ऐकत नव्हती. पळत होती. सुजल्या पायानं, कोण जाणे कुठं. आणि बाप रस्त्यात उभा राहून ते ऐकत होता. दुसरं त्याला काही करता येत नव्हतं.

मग तिचा फोन बंद पडला.

नत्थुजी थांबले.

"त्यानं गावात फोन केला," ते हळूच म्हणाले. "आमी दोन गाड्यांवर चौघं निघालो. तो तिकून, आमी इकून. साडेबाराले भेट झाली. मधी कोणी नाही. मंग सारा रस्ता पुन्हा पाहिला. नाला पाहिला, विहिरी पाहिल्या. सूर्यभान प्रत्येक विहिरीत बॅटरी मारे आन् डोळे मिटून घे. मले म्हणे, तू पाह्य."

तीन चाळीसला त्याच्या बायकोचा, शकुनचा फोन आला. रागिणी दारात बसली आहे.

सगळे पोचले तेव्हा पोरगी खाटेवर होती. शकुन तिच्या पायांना हळद लावत होती. पाय नंतर दीड महिन्यानं बरा झाला. त्या वेळी मात्र तो खाली टेकवत नव्हता.

सूर्यभान तिच्याजवळ बसला. किती तरी वेळ तिचा हात धरून राहिला.

"शेवटी पळणं झालंच नाही, बाबा," ती म्हणाली. "तुमी गाडी हळू केली, तवा मी मागचा फाळका धरला. धरून धरून आली."

सूर्यभान उठला. बॅटरी घेऊन बाहेर गेला. नत्थुजी मागोमाग.

टेम्पोवर वीस दिवसांची धूळ बसली होती. मागं उघडणाऱ्या त्या फाळक्याच्या वरच्या कडेवर बोटं उमटली होती. चार आतून, अंगठा बाहेरून. मागून पळताना कोणी धरावं तशी.

रागिणीला दोघांनी उचलून आणलं. तिनं उजवा पंजा त्या ठशावर ठेवला. बरोबर बसला.

"तुह्यासंग कोणी होतं का?" सूर्यभाननं विचारलं.

"नाही. मी एकटीच होती."

त्यानं बॅटरी थोडी सरकवली. तिच्या पंजाच्या शेजारी, वीतभर अंतरावर, आणखी एक पंजा उमटला होता. तिच्यापेक्षा लांब. तसाच धरलेला.

रागिणीनं आपला डावा हात पुढे केला. लावून पाहिला. अंगठा भलत्याच बाजूला येत होता.

दोन्ही पंजे उजवे होते.