औल्त रुअ तांबडा का?

तंबूची खुंटी ठोकता ठोकता तोरमद थांबला. हिरवळीखालून वर आलेली माती तांबडी होती, कोल्ह्याच्या पाठीसारखी. त्याने आपल्या बारा वर्षांच्या बहिणीला, मारसलीला, हाक मारली.

अकरा मुलांच्या सुट्टीतल्या शिबिराची जागा त्यांच्या लाखलनमामाने निवडली होती: डोंगराच्या कुशीतला सपाट, मऊ, हिरवा तुकडा आणि शेजारी घोटाभर पाण्याचा ओढा. ओढ्याचं नाव औल्त रुअ. घरी गेलिक, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातली जुनी भाषा, बोलणाऱ्या या मुलांना त्याचा अर्थ कुणाला विचारावा लागत नव्हता: तांबडा ओढा. पाणी मात्र काचेसारखं होतं आणि तळाचे दगड करडे.

"मामा, याला तांबडा का म्हणतात?"

"तुझे केस बघून ठेवलं असेल नाव. किटली चढव, तांबडे."

मारसली हसली नाही. आसपासच्या ओढ्यांची नावं तिला पाठ होती. गिरणीच्या ओढ्याकाठी जात्याची तळी अजून पडलेली होती. हरिणींच्या ओढ्यावर पहाटे हरिणी खरोखरच उतरत. प्रत्येक नावामागे कुणाचे तरी डोळे होते. मग इथे कुणी काय पाहिलं होतं?

पलीकडच्या उंचवट्यावर जुन्या उन्हाळी झोपड्यांचे चौथरे दिसत होते. गुरं घेऊन दर उन्हाळ्यात डोंगरावर राहायला येणाऱ्या बायकांनी ते रचलेले. चौदा चौथरे, सगळे खडकावर, वाऱ्याच्या तोंडी. या मऊ सपाटीवर एकही नव्हता.

"गवत इथे, पाणी इथे," ती हळू आवाजात म्हणाली, "आणि त्या वर का राहिल्या?"

तोरमदने हातातल्या मातीकडे पाहिलं, मग दूर डोंगरमाथ्याकडे. तिथे शाईसारखा ढग बसला होता. ही माती ओढ्यानेच कधीतरी वरून आणून इथे पसरली असणार.

तंबू वर चौथऱ्यांपाशी हलवूया, असं दोघांनी मामाला परोपरीने विनवलं. मामाने वर बोट दाखवलं: डोक्यावर ऊन होतं, थेंबाचाही पत्ता नव्हता; चार तंबू पुन्हा उभारायला त्याच्या पाठीत बळ नव्हतं. त्याने टोपी तोंडावर ओढून घेतली. सर्वांत धाकटा फिनी तर तंबूत गाढ झोपला होता.

मारसलीने तोरमदला खूण केली. त्याने उकळती किटली उचलली, तिने स्कोनची, म्हणजे छोट्या गोडसर पावांची, टोपली, आणि दोघं चौथऱ्यांकडे पळत सुटली. आठ भुकेली मुलं आरडाओरडा करत मागे धावली. सर्वांत शेवटी, चहासाठी चरफडत, फिनीला खांद्यावर टाकून मामा चढू लागला.

"चोरांनो, टोपली खाली ठेवा!"

तो पहिल्या चौथऱ्यापाशी पोहोचला आणि पक्षी गप्प झाले.

आधी वास आला, ओल्या मातीचा, जणू डोंगराने श्वास सोडला. मग पायांखाली खडक गुणगुणू लागला. आणि मग ओढा आला. पाणी नव्हेच ते. तांबडं, आयाळ पिंजारलेलं, धोंडे गोट्यांसारखे लोळवत येणारं काहीतरी. सपाटी एका घोटात गेली. चारही तंबू पांढऱ्या फुलांसारखे क्षणभर उघडले आणि मिटले. कुण्या अनोळखी बाईने शेकडो वर्षांपूर्वी याच खडकावर उभं राहून हेच पाहिलं होतं, आणि दोन शब्दांत मागाहून येणाऱ्यांसाठी ठेवून दिलं होतं.

फिनीला मामाने इतकं घट्ट धरलं की तो जागा होऊन रडू लागला.

म्हातारा मेंढपाळ इव्हर त्यांना सावध करायला धापा टाकत डोंगर उतरला, तेव्हा सगळी वरच होती. मामाने मान खाली घालून घडलेलं सगळं सांगितलं, काही न लपवता. इव्हरने मारसलीसमोर टोपी काढली. हे तो फक्त चर्चमध्ये करत असे.

चौथऱ्यांमागून एक चिमुकला झरा वाहत होता. त्याला नाव नाही, तूच ठेव, असं इव्हर म्हणाला. मुलांनी लगेच स्कोनचा झरा, मामाच्या घोरण्याचा झरा असा गलका केला.

मारसली झऱ्याकाठी बसली, बोटं पाण्यात घालून.

"आज नको," ती म्हणाली. "आधी तो काय करतो ते बघू दे."